मानेजवळची जागा

त्या मुलखात जमिनीवर चालणाऱ्या कुणालाच मोठं पाणी ओलांडता येत नसे. ते काम क्रौंचांचं. जायचं असेल त्यानं क्रौंचाच्या पाठीवर बसायचं, भाड्याचं धान्य द्यायचं, आणि उतरताना क्रौंच आपलं एक पीस त्याच्या हातावर ठेवायचा. पाण्यापलीकडं धान्य देऊन जायचं म्हटलं तर दोन वर्षांची बेगमी लागे. पण पिसं साठवली असली की दाणाही न देता जाता येई. शेपटीजवळच्या जागेला चाळीस पिसं. तिथं वारा झोडपून काढी. मानेजवळ मऊ लव असे, ऊब असे, पाय पसरून झोपता येई. त्या जागेला साठ.

त्या मुलखात भिवबा नावाचं एक म्हातारं साळिंदर राही. त्याची लेक सोनकी पाण्यापलीकडं दिली होती. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे लोकरीसारखे मऊ असतात. सात दिवसांत ते ताठ होतात, आणि मग जन्मभर त्याला कुणी छातीशी धरू शकत नाही. म्हणून त्या सात दिवसांत आजोबानं नातवंडाला कुशीत घ्यायचं, अशी त्यांच्यात रीत. भिवबाला आयुष्यात आता तेवढंच हवं होतं.

पिसं कशी साठवावीत हे त्याला शेजारच्या रावजी मुंगसानं शिकवलं. रावजीचं बीळ पिसांनी छतापर्यंत भरलेलं. कोणता क्रौंच कोणत्या सकाळी एका फेरीला दोन पिसं देतो, हे त्याला तोंडपाठ. "पीसगळतीच्या आधी एकदा तरी उडून घे," तो सांगायचा, "नाहीतर गाठीची जुनी पिसं मेली म्हणून समज, मग ती कुणी घेत नाही." त्यामुळं भिवबा काही काम नसताना मूठभर धान्य देऊन क्रौंचावरून टेकडीवर जाई, जमिनीला पाय लावल्यासारखं करी आणि त्याच क्रौंचावर बसून परत येई. टेकडीवर काय आहे हे त्यानं कधी पाहिलं नाही.

पहिल्या नातवाची खबर टिटवीनं आणली, तेव्हा भिवबाच्या गाठीला पंचावन्न पिसं होती.

"शेपटीला बसून चाळीस घालवणार? या वयात?" रावजी हसला. "हाडं खिळखिळी होतील, भिवबा. पाच फेऱ्या मार आणि राजासारखा जा."

भिवबानं दोन दिवसांत पाच फेऱ्या मारल्या आणि साठ पिसं घेऊन थांब्यावर गेला. तिथं जागा वाटून देणारा बगळा या पायावरून त्या पायावर झाला.

"कालपासून मानेच्या जागेला नव्वद झाली, बाबा."

"कुणी केली?"

"वरून आलं."

भिवबानं वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

एवढं केलं ते वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यानं आणखी तीस जमवायला घेतली. त्यात वर्ष गेलं. नातवाचे काटे केव्हाच ताठ झाले होते.

नव्वदावं पीस हाती आलं त्याच दिवशी टिटवी पुन्हा ओरडत आली. सोनकीला दुसरं पिल्लू झालं होतं, त्याला तीन दिवस झाले होते. भिवबानं पिसांची जुडी उचलली आणि तडक थांबा गाठला. रावजी पोचवायला म्हणून मागोमाग आला.

"मानेजवळची पाच दिवसांनी मिळेल," बगळा म्हणाला. "शेपटीची आत्ता निघतेय. पलीकडं पोचायला एक दिवस, एक रात्र."

"पाच दिवस काय, असे जातील," रावजी म्हणाला. "नव्वद जमवून शेपटीला बसलास तर मुलूख हसेल तुला."

"तू कधी गेलास रे पलीकडं?" भिवबानं सहज विचारलं.

"जाणार की! आधी पुरेशी जमू देत."

"म्हणजे किती?"

रावजी भिवबाच्या जुडीतली पिसं मोजू लागला.

भिवबानं बोटांवर दिवस मोजले. मग त्यानं जुडी सोडली. चाळीस पिसं बगळ्यापुढं ठेवली, चाळीस परतीसाठी बांधली, आणि उरलेली दहा रावजीच्या हातात दिली. "तुझ्यात घाल," म्हणाला आणि शेपटीकडं चढला.

दिवसभर आणि रात्रभर वाऱ्यानं त्याला सोडलं नाही. मान आखडली, डोळ्यांतून पाणी आलं. मानेजवळची जागा सबंध वाट रिकामीच होती. पिसांवाल्यांसाठी ती पाच दिवसांनीच उघडायची होती.

सकाळी पलीकडचा किनारा दिसला तो पांढराशुभ्र. क्रौंच आपली पिसं इथंच गाळत. वाळूत, झाडांच्या बुंध्याशी गुडघाभर थर साचले होते. येणारेजाणारे त्यांतून पाय ओढत चालत होते. खाली वाकून कुणी बघतही नव्हतं.

सोनकी बिळाच्या तोंडाशी होती. "अगंबाई, बाबा!" म्हणून ती आत धावली. थोरला नातू पळत आला आणि हातभर अंतरावर गपकन थांबला.

"आजोबा, लांबूनच हं," तो म्हणाला. "मी टोचतो."

भिवबानं मान हलवायला पाहिलं, ती हलेना. तेवढ्यात सोनकीनं धाकटं आणून त्याच्या छातीवर ठेवलं. त्याच्या पाठीवरून भिवबानं काट्यांच्या उलट दिशेनं हात फिरवला, पुन्हा फिरवला. थोरला तिथंच उभा राहून बघत होता. आणि वाऱ्यानं दारात येऊन पडलेली पिसं सोनकी खराट्यानं झाडून पाण्यात लोटत होती.