टिबुकलीची पाठ गार

इकडे डोंगर, तिकडे डोंगर. मधे एक वाटी. वाटीत शहर, शहरात तळं. तळ्यात राहायची टिबुकली. मुठीएवढा पक्षी, शेपटीच नाही. डुबुक डुबुक बुडायची, टुपकन वर यायची.

रोज सकाळी टिबुकली काय करायची? एका चपट्या दगडाजवळ यायची. तिथं ऊन पडायचं. उन्हाकडे पाठ करायची, पिसं फुलवायची, पाठ शेकायची. पाठ शेकली की दिवस सुरू.

थंडी आली. एका सकाळी टिबुकली दगडाजवळ आली. पाठ केली, पिसं फुलवली. पण ऊन कुठाय? ऊन नाहीच. वर नुसतं राखाडी, राखाडी.

टिबुकलीनं मान वर केली.

"उन्हा रे उन्हा, पाठ माझी गार. तू पड ना."

ऊन वरून म्हणालं, "मी काय करू? मधे धूर बसलाय. आधी धुराला सरकू दे. मग मी पडेन."

टिबुकली गेली धुराकडे. डुबुक डुबुक. धूर तळ्यावर पसरला होता, गोधडीसारखा.

"धुरा रे धुरा, ऊन पडेना, पाठ माझी गार. तू सरक ना."

धूर म्हणाला, "मी काय करू? मला पाय आहेत का? आधी वाऱ्याला ढकलू दे. मग मी सरकेन."

टिबुकली गेली तळ्याच्या मधोमध. डुबुक डुबुक. वारा डोंगरापलीकडे शीळ घालत होता. सूं सूं.

"वाऱ्या रे वाऱ्या, धूर सरकेना, ऊन पडेना, पाठ माझी गार. तू ढकल ना."

वारा म्हणाला, "मी काय करू? डोंगर आडवा आहे. आधी डोंगराला वाट देऊ दे. मग मी ढकलेन."

टिबुकली गेली डोंगराच्या पायाशी. डुबुक डुबुक.

"डोंगरा रे डोंगरा, वारा ढकलेना, धूर सरकेना, ऊन पडेना, पाठ माझी गार. तू वाट दे ना."

डोंगरानं जांभई दिली. "मी काय करू? खाली गारठा बसलाय, जड जड. वारा उतरणार कुठं? आधी गारठ्याला उठू दे. मग मी वाट देईन."

टिबुकली गेली गारठ्याकडे. डुबुक डुबुक. गारठा वाटीच्या तळाशी बसला होता, मांडी घालून.

"गारठ्या रे गारठ्या, डोंगर वाट देईना, वारा ढकलेना, धूर सरकेना, ऊन पडेना, पाठ माझी गार. तू ऊठ ना."

गारठा म्हणाला, "मी काय करू? आधी उन्हाला पडू दे. मग मी उठेन."

ऊन? टिबुकली तर उन्हाकडूनच निघाली होती. सगळं तळं फिरून झालं. सगळे गोड बोलले. सगळे तयार होते. फक्त आधी दुसऱ्यानं करायचं होतं.

टिबुकली धुराकडे परत गेली. "धुरा, तू येतोस कुठून?"

धूर जरा लाजला. "त्या तात्यांकडून," म्हणाला.

काठावर शेकोटी होती. तडतड, तडतड. पाला जळत होता. भोवती बसलं होतं ताजी हवा मंडळ. मंडळात दोघं. एक तात्या, एक इंदूमावशी. दोघं रोज ताजी हवा खायला यायची.

"हवा राहिली नाही हो पूर्वीसारखी," तात्या म्हणाले. आणि ओंजळभर पाला टाकला.

"नाही राहिली," मावशी म्हणाल्या. आणि खोकल्या. खॉक खॉक.

टिबुकली काठावर चढली. तिला जमिनीवर चालता येत नाही फारसं. फतक फतक, धप्प. फतक फतक, धप्प.

"तात्या हो तात्या, गारठा उठेना, डोंगर वाट देईना, वारा ढकलेना, धूर सरकेना, ऊन पडेना, पाठ माझी गार. शेकोटी विझवा ना."

तात्या म्हणाले, "मी काय करू? गारठा बघ किती आहे. आधी गारठ्याला उठू दे. मग मी विझवेन. तोवर तूही शेक पाठ. ये."

शेकोटी उबदार होती. टिबुकलीनं पाठ केली. पिसं फुलवली. आहा. पण डोळे चुरचुरले. शेकोटीतून धूर निघाला भसाभस. वर गेला, तळ्यावर जाऊन बसला.

टिबुकलीनं पिसं मिटली.

"आधी मी," ती म्हणाली.

फतक फतक, पाण्यात डुबुक. ओली होऊन आली. शेकोटीजवळ अंग झटकलं. चुर्र. विझला एक निखारा. परत गेली, परत आली. चुर्र. विझला आणखी एक. थंडीनं चोच वाजत होती. कट कट कट.

"वेडी आहे," तात्या म्हणाले. "इतकी कुडकुडते, आणि शेकोटीच विझवते."

"आणि आपण खोकतो, आणि शेकोटीच पेटवतो," मावशी म्हणाल्या. त्यांनी चहाचा रिकामा डबा घेतला. तळ्यात बुडवला. शेकोटीवर ओतला.

फुस्स्स.

तळ्याभोवती आणखी शेकोट्या होत्या. तिथले लोक म्हणाले, "तात्यांची विझली? मग आपलीही विझवा." फुस्स. फुस्स. फुस्स.

शेकोटी विझली, धूर झाला विरळ.
धूर झाला विरळ, ऊन आलं फटीतून.
ऊन आलं फटीतून, गारठा उठला.
गारठा उठला, डोंगरानं वाट दिली.
डोंगरानं वाट दिली, वारा आला सूं सूं.
वाऱ्यानं ढकललं, धूर सरकला.
धूर सरकला, ऊन पडलं. चपट्या दगडावर, भरपूर.

ऊन म्हणालं, "मी आलो म्हणून."
वारा म्हणाला, "मी ढकललं म्हणून."
डोंगर म्हणाला, "मी वाट दिली म्हणून."
तात्या म्हणाले, "आपलं मंडळ आहे म्हणून."

टिबुकलीनं पिसं फुलवली. तिची पाठ उन्हात होती.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. काखेत पाल्याचं पोतं. काठावर बघतात तर टिबुकली उभी. ओलीचिंब. थेंब गळतायत टप टप.

"अगं, झाडाला घालायला आणलाय," तात्या म्हणाले. आणि सगळा पाला झाडाच्या बुंध्याशी घातला.

टिबुकली वळली. उन्हाकडे पाठ केली.

पाठ शेकली, गोष्ट टेकली.