एस्तेरबाईची झील

“त्या बाईत असं काय आहे, जे माझ्यात नाही?”

शरयूनं उंबऱ्यावरूनच विचारलं. पायातल्या चपला तशाच.

सारजाबाईंनी मान वर केली नाही. समोर रेकॉर्ड फिरत होती, तिच्यावरची सुई त्यांनी अलगद उचलली.

“आधी आत ये. भांडायचं तर बसून भांड.”

कुरुंदवाडच्या त्या खोलीत शरयू चौदा वर्षं बाईंकडं गाणं शिकत होती. रेडिओचं पदक मिळालेलं. तान अशी, की रिळाचा दोरा सरसर सुटावा. आणि हे सगळं तिचं तिला पुरतं ठाऊक होतं, एवढाच काय तो रोग.

सहा वर्षांपूर्वी बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून बाई घोगरं बोलत, पण गात नसत. शिकवायचं ते पेटीवर बोट ठेवून. शरयूनं ज्येष्ठमधाचे काढे केले, मारुतीला नवस बोलली, बाईंची लुगडीसुद्धा धुतली. बाईंच्या गळ्यातून एक सूर निघाला नाही.

आणि आज भर दुपारी ती जरा लवकर आली, तर दारातच ऐकू आलं… बाई गुणगुणत होत्या. रेकॉर्डबरोबर. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा अमेरिकन बाईबरोबर!

सवत परवडली. सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात.

“मी ऐकलं, बाई.”

“काय ऐकलंस?”

“तुमचा सूर. तिला दिलात तो.”

बाईंनी रेकॉर्डचं पाकीट तिच्याकडे सरकवलं. त्याच्यावर एक थोराड काळी बाई डोळे मिटून गात होती. एस्तेर टोलिव्हर तिचं नाव. बाई तरुणपणी एका नाचाच्या मंडळींबरोबर अमेरिकेला गेल्या होत्या, तेव्हा एका थिएटरात पडद्यामागं दोघींची गाठ पडली. दुभाष्या गुजराती. त्याला ना हिचं कळे, ना तिचं. पण दोघी पहाटेपर्यंत बोलत बसल्या म्हणे.

“ही काळी धटिंगण?” शरयू म्हणाली.

“काळी मीही आहे. पुढं बोल.”

शरयू चपापली. पण मत्सर एकदा तोंडाशी आला की मागं फिरत नाही. “आवाज बघा की तिचा. फाटका. वर गेली की ओरडते. आपल्याकडं असं कुणी गायलं तर उठवून लावतील.”

“तिलाही लावलंच होतं.”

“…कुणी?”

“तिच्याच लोकांनी. देवाच्या प्रार्थनेची चाल घेतली आणि माणसाच्या प्रेमाला लावली, म्हणून चर्चचं दार बंद केलं. दुसरीकडं गोऱ्यांची हॉटेलं. तिथं गायची, पण जेवायला बसायची सोय नाही. स्वयंपाकघराच्या दारानं आत, त्याच दारानं बाहेर.” बाई थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या. “आमच्या आईला सरदारांच्या लग्नात मागच्या दारानंच नेत. आई बैठकीतली चाल अभंगाला लावायची. म्हणजे उलटी चोरी. एस्तेरबाईला हे सांगितलं, तर मांडीवर थाप मारून हसली.”

“हसू दे.”

“सोल म्हणतात त्या गाण्याला. सोल म्हणजे आत्मा. असल्या हाकलून दिलेल्या काळ्या बायांनी, बाप्यांनी ती वाट पाडली. मग तिच्यावरून सगळं जग ऐटीत चाललं.”

“आत्मा मलाही आहे, बाई.”

“असेल की. गा तिच्याबरोबर.”

बाईंनी सुई ठेवली.

एस्तेरबाई एक ओळ गायची आणि थांबायची. मधे नुसता पायाचा ठेका आणि ऑर्गनचा एकच लांब सूर. मग पुढची ओळ.

पहिल्या मोकळ्या जागेत शरयूनं छोटीशी तान टाकली. दुसरीत मोठी. तिसरीत तीन सप्तकं फिरून वेळेवर घरी आली. शेवटी शेवटी तर एस्तेरबाई ऐकूच येईना.

रेकॉर्ड संपली. शरयूच्या कपाळावर घाम, डोळ्यांत लखलख.

“कोण जिंकलं?”

“तू.”

“मग वा म्हणा ना! एकदा तरी म्हणा.”

“मधल्या जागा कुणाच्या होत्या गं?”

“कुणाच्याच नाहीत. रिकाम्या तर होत्या.”

“तिच्या दोघी धाकट्या बहिणी तिच्यामागं झील धरायच्या. आपल्या पोवाड्यात धरतात तशी. गाडी उलटली, दोघी गेल्या. रेकॉर्डवाले म्हणाले, दुसऱ्या दोघी आणून उभ्या करतो. ही म्हणाली, ओळ रिकामी राहील.”

शरयूनं पाकिटावरचा चेहरा पुन्हा पाहिला. पण जळणं थांबलं नाही. उलट आणखी आत गेलं.

“आणि तुम्ही तिथं गाता.”

“मी नाही गात. गळा जातो.”

“सहा वर्षं झाली, बाई…” तिनं पाकीट दूर सारलं. “माझ्यामागं एकदा गेला नाही तो.”

बाईंनी कोपऱ्यातला तंबोरा ओढून मांडीवर घेतला. तारा छेडल्या.

“गा.”

शरयूनं आपली लाडकी बंदिश धरली. पहिली ओळ संपत आली, तशी बाईंची हनुवटी किंचित उचलली गेली. ओठ सुटले…

शरयूची तान येऊन गेलीसुद्धा.

ओठ मिटले.

शरयूनं ते पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

“पुन्हा घेते, बाई.”

“घे.”

तीच ओळ. तान गळ्याशी आली, तिनं ती गिळली. थांबली. नुसता तंबोरा वाजत राहिला.

शरयूचे डोळे बाईंच्या गळ्यावर. दुधावर मांजराचे असतात तसे.

एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं.

बाईंच्या गळ्याची कातडी हलली नाही.

“जागा ठेवली की, बाई! आता का नाही?…”

बाईंनी तंबोरा खाली ठेवला. रेकॉर्ड पदरानं पुसली आणि पाकिटात सरकवली.

“पाहुण्याला पाट मांडलास, पोरी. आता दाराकडं टक लावून बसू नकोस.”