माळावरची पेंड

जनावरांना पुरातून कसं वाचवावं, या विषयातला मी तज्ज्ञ आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

एकदा ओढ्याकाठच्या एका गावात माझं व्याख्यान होतं. तिसऱ्या तक्त्यापाशी पोचतो न पोचतो तोच गोजराबाई उठल्या. त्यांच्या दोन म्हशी ओढ्यालगतच बांधलेल्या होत्या.

"साहेब, डोंगराकडं काळंकुट्ट झालंय. ओढा फुगंल. म्हसरं सोडून येते."

"बसा!" मी कडाडलो. "दावं सोडलं की जनावर सैरावैरा पळतं. त्याला सुरक्षित जागा कोण दाखवणार? माझा तक्ता त्याला वाचता येतो का?"

बाई पदर खोचून निघाल्या. त्यांच्यामागे सगळी सभा निघाली, म्हणून मीही निघालो.

दावी सुटताच दोन्ही म्हशी वाट धरून थेट उंच माळावर गेल्या आणि तिथल्या दगडी डोणीत तोंड घालून उभ्या राहिल्या. माझं तोंड मात्र उघडंच राहिलं.

"पूर असो नसो, आठवड्यातनं एकदा पेंड मी हितंच घालती," बाई म्हणाल्या. "सुटल्या की पाय आपसूक हिकडं वळत्यात."

तेवढ्यात खाली ओढा गरजला आणि मला माझी जीप आठवली. गार सावली बघून मी ती ओढ्यातच लावली होती. आता तिचं नुसतं टप दिसत होतं.

गोजराबाईंनी आधी टपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"साहेब, तिलाबी अधनंमधनं माळावर पेंड घालत जावा."