बॅनरवरचा फोटो

वसुंधराताई ढमढेरे नव्या प्रदेशाध्यक्ष म्हणून तालुक्यात आल्या, तेव्हा सभासद नोंदणी राहिली होती बाजूला आणि बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, यावरून भांडण जुंपलं होतं. तालुकाध्यक्ष दौलतराव छाती काढून म्हणाले, "वीस वर्षं पक्षात आहे. माझाच मोठा हवा!"

कार्यकर्ते हिरमुसून बसले होते. दौलतरावांना दुखवलं तर ते पक्ष सोडतील आणि त्यांचं ऐकलं तर कार्यकर्ते, हे ताईंनी ओळखलं.

"पंधरा दिवसांत नोंदणीसाठी जो जितक्या घरी जाईल, तितका त्याचा फोटो मोठा," त्या हसून म्हणाल्या. "मलाही हेच माप."

दौलतरावांनी तोऱ्यात मान डोलावली. कार्यकर्ते मात्र उत्साहाने गल्लोगल्ली फिरू लागले.

पंधरवड्याने चौकात बॅनर लागला. मधोमध, सगळ्यांत मोठ्या फोटोत, शिवणकाम करणाऱ्या कार्यकर्त्या सुगंधाबाई झळकत होत्या. त्यांनी चारशे घरं पालथी घातली होती. दौलतराव चष्मा पुसपुसून स्वतःला शोधत राहिले.

"ताई, मी कुठं दिसतच नाही!" ते भडकले.

"दौलतराव, लोकांचीही तुमच्याबद्दल हीच तक्रार आहे," ताई शांतपणे म्हणाल्या.

चौकात हशा पिकला. दौलतराव आधी ओशाळले, मग स्वतःही हसले आणि म्हणाले, "सुगंधाबाई, उद्या कोणत्या गल्लीत जायचं?"