सोपानने छापलेली पत्रकं

एका गावात एक भोळा उपसंपादक होता. नाव सोपान. साप्ताहिक ‘खणखणाट’मध्ये माणसं दोनच, सोपान आणि संपादक नाना. बातम्या शोधायला जातंय कोण? लोकच प्रसिद्धिपत्रकं पाठवायचे, तीच छापायची. साहजिकच अंक कोणी घेईना. आता या महिन्यात तरी अंक खपला नाही, तर नाना कुलूपच लावणार होते.

एकदा दूध डेअरीचं पत्रक आलं. नाना म्हणाले, “छापून टाक.” सोपानने टाकलं. बातमी आली ती अशी : “आमचं दूध लय भारी. आमचे चेअरमन देवमाणूस. नाना, सोबत पेढे पाठवलेत, बातमी मोठी लावा.”

नानांनी कपाळाला हात लावला. “अरे, पत्रकातलं कौतुक कापायचं असतं! घडलं तेवढंच ठेवायचं.”

“बरं,” सोपान म्हणाला.

मग ढवळ्यांकडून निधनाचं पत्रक आलं. दानशूर, मनमिळाऊ, गावाचा आधार… सोपानने सगळं कापलं. उरलं ते छापलं : “सर्जेराव ढवळे मेले.”

ढवळ्यांची पोरं काठ्या घेऊन आली. नानांनी हातापाया पडून त्यांना वाटेला लावलं. “अक्कल गहाण टाकलीस का रे? गावातून माणूस गेला की चार चांगले शब्द लिहायचे. पोकळी निर्माण झाली म्हणायचं.”

“बरं,” सोपान म्हणाला.

मग पोलिसांचं पत्रक आलं. साखळीचोर बंड्याला पकडून जिल्ह्याच्या तुरुंगात धाडलं होतं. म्हणजे गावातून माणूस गेलाच की! सोपानने लिहिलं : “मनमिळाऊ बंड्या आज आपल्यात नाही. बाजारपेठेत कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.”

फौजदार टेबल आपटून गेले. नाना ओरडले, “यापुढे ज्याची बातमी, त्याला आधी वाचून दाखवायची! तो बरोबर म्हणाला तरच छापायची!”

“बरं.”

गुरुवारी दुपारी फौजदारांचं पत्रक आलं : “जुगार अड्ड्यावर छापा. अड्डाचालक खंडू जेरबंद.” छापा पडायचा होता संध्याकाळी. पण अंक दुपारीच छापखान्यात जातो, म्हणून बातमी आधीच तयार. त्यात नवल नाही. आमच्याकडे हार गळ्यात पडायच्या आधी टाळ्यांची बातमी लिहून झालेली असते.

नाना हरखले. “जिल्ह्याच्या पेपरांच्या आधी आपल्याकडे! अंक हातोहात खपणार. नीट छाप बाबा.”

सोपान तडक अड्ड्यावर गेला. खंडू पत्ते पिसत होता. सोपानने बातमी खणखणीत वाचून दाखवली. “बरोबर आहे का?”

“झकास आहे,” खंडू म्हणाला. “चालकाचं नाव तेवढं चुकलंय. लिहून घे.”

सोपानने लिहून घेतलं. आभारही मानले.

संध्याकाळी फौजदारांना अड्ड्यावर चिटपाखरू सापडलं नाही. सकाळी अंक निघाला, फौजदारांनी वाचला आणि ते थेट नानांच्या घरी गेले.

थोड्या वेळाने सोपान धापा टाकत पोलीस ठाण्यात आला. “नाना, एकही अंक उरला नाही! लोक झेरॉक्स काढून वाचतायत!”

नाना कोठडीचे गज धरून उभे होते. “गाढवा, काय छापलंस हे?”

सोपानने जीभ चावली. “चुकलंच, नाना. बातमी तुमची, आणि तुम्हालाच वाचून दाखवायची राहिली.” त्याने घसा खाकरला. “‘अड्डाचालक नाना जेरबंद.’ बरोबर आहे का?”

नानांनी गजांकडे पाहिलं, कुलुपाकडे पाहिलं.

“जेरबंद बरोबर आहे,” ते म्हणाले.