तळ्यातल्या बेटाची लढाई

फार पूर्वी, म्हशी काठाकाठाने राज्य करीत तेव्हा, एका तळ्याच्या मधोमध एक बेट होते. त्यावर मूठभर गवत होते आणि एका टिटवीची चार अंडी. अलीकडचा कळप म्हणे बेट आमचे, पलीकडचा म्हणे आमच्या पणजीचे. ते गवत कोणीच चाखले नव्हते, त्यामुळे दोघांनाही ते फार गोड वाटे.

एकदा भर दुपारी दोन्ही काठांवर शिंगे घासली जाऊ लागली.  टिटवी अलीकडच्या म्होरकीकडे, चांदरीकडे, उडत गेली.

"चांदरीमावशी, तुमच्या खुरांखाली माझी अंडी चिरडतील हो!"

"अगं, अंडी पुन्हा घालता येतात. कळपाची अब्रू एकदा गेली की गेली."

पलीकडेही हेच उत्तर मिळाले; देणारीची शिंगे तेवढी जास्त वाकडी होती.

टिटवी अंड्यांवर पंख पसरून बसली. दोन्ही सैन्ये रेकत पाण्यात शिरली. गार पाणी गुडघ्यांना लागले, मग पोटाला लागले, आणि चांदरी म्हणाली, "जरा टेकू या." समोरची म्होरकी आधीच बसली होती. हळूहळू सगळ्यांचे डोळे मिटले. पाण्यात बसलेली म्हैस उठवणे ब्रह्मदेवालाही जमलेले नाही.

दिवस कलल्यावर दोन्ही कळप आपापल्या काठाला परतले आणि शत्रूला रोखल्याबद्दल दोघांनीही जयघोष केला.

टिटवीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात एक अंडे तडकले.

"आई, बाहेर काय झालं गं?"

"युद्ध झालं, बाळा. सगळे न्हाऊन घरी गेले."