आपले लांडगे

बालमित्रांनो, दोन डोंगरांच्या मधल्या रानात एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. एका उन्हाळ्यात तिथल्या खिंडीवरून लांडगे आणि रानकुत्रे यांच्यात युद्ध जुंपले. नदी खिंडीपलीकडे, आणि अलीकडचे डबके तर आटत चाललेले. पाडस तहानेने व्याकूळ झाले होते.

वडाच्या फांदीवर एक पोपट बसे. युद्धाची बातमी आणि तिचा अर्थ, दोन्ही तोच सांगे, आणि काय झोकात सांगे! एका सकाळी तो ओरडला, "आपले लांडगे जिंकले! खिंड मोकळी!" खाली जमलेले ससे आनंदाने उड्या मारू लागले. हरिणीने विचारले, "पोपटराव, लांडगे आपले कधीपासून झाले?"

"भर युद्धात असले प्रश्न? तू रानकुत्र्यांची दिसतेस!" पोपट म्हणाला. ससे खो-खो हसले.

हरिणी मोठी शहाणी. गूळ घेताना आपण दुकानदाराची बडबड ऐकून घेतो, पण खडा जिभेवर ठेवल्याशिवाय ढेप उचलत नाही ना? तसेच तिने केले. ती माळावरच्या टिटवीकडे गेली. "टिटवीताई, लांडगे खरंच जिंकले?"

"जिंकले. मी डोळ्यांनी पाहिलं."

"म्हणजे खिंड मोकळी?"

"असं कोण म्हणालं? जिंकलेले लांडगे खिंडीतच बसलेत, उपाशी. नदीकाठचं मात्र मला ठाऊक नाही बाई. तिकडे मी गेलेच नाही."

हे शेवटचे ऐकले आणि हरिणीचा तिच्यावर विश्वास बसला. तिने सशांना हाक मारली, "अरे, थांबा! लांडगे जिंकले हे टिटवीताईने पाहिलंय, पण खिंड मोकळी ही पोपटाने वरून घातलेली फोडणी आहे!"

"घाबरट कुठली!" म्हणत ससे खिंडीकडे पळाले. हरिणी पाडसाला घेऊन डोंगराची लांबची वाट चढली, माथ्यावरून नदीकाठ नीट न्याहाळला आणि मगच उतरली. पाडस पोटभर पाणी प्याले.

खिंडीतून एकच ससा परतला, तोही लंगडत. त्याने जाब विचारला तेव्हा पोपट म्हणाला, "लांडगे जिंकले की नाही? मग माझी बातमी खोटी कशी?"

ससा तसाच लंगडत माळावर गेला. "टिटवीताई, आज काय खबर?"

"आज फार धूळ होती रे. काहीच दिसलं नाही."

"बरं," ससा म्हणाला, "उद्या येतो."

तात्पर्य : युद्धाच्या दिवसांत पाहिलेली गोष्ट कोणती आणि तिला जोडलेले मत कोणते, हे निवडून घ्यावे; आणि ज्याला "मला ठाऊक नाही" म्हणता येते, त्याच्याच शब्दावर भरवसा ठेवावा.